घरी शिवायच्या किल्टसाठी कापडाचे वजन: एडिनबरामधील एक प्रकरण

एडिनबरामध्ये राहणाऱ्या एका मराठी दांपत्यापुढे आलेला प्रश्न वरकरणी साधा होता. पतीच्या कार्यालयातील एका मित्राचे लग्न सप्टेंबरमध्ये इनव्हरनेसजवळ ठरले होते, निमंत्रणात हायलंड (उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील) पोशाखाचा उल्लेख होता, आणि किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा स्कॉटिश घागरा, भाड्याने आणण्यापेक्षा तो घरीच शिवावा असे पत्नीने ठरवले होते. बाईंचा हात शिवणात तयार होता. पुण्यात असताना त्यांनी ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि शाळेच्या गणवेशाचे चुण्यांचे स्कर्ट बरीच वर्षे शिवले होते. मात्र कापड मागवण्याच्या वेळी गिरणीच्या यादीत एकाच टार्टनसमोर, म्हणजे किल्टच्या चौकडीच्या लोकरी कापडासमोर, १०, १३ आणि १६ औंस असे तीन पर्याय दिसले आणि गाडी तेथेच अडली. त्यातच डिसेंबरमध्ये पुण्यात चुलत बहिणीचे लग्न होते आणि तोच किल्ट तेथेही घालण्याचा पतीचा विचार होता. सप्टेंबरमधील हायलंडचा वारा आणि डिसेंबरमधील पुण्याची दुपार ही दोन्ही टोके एकाच कापडाने सांभाळायची होती. बाईंनी त्या काळात ठेवलेली मापांची वही आणि जपून ठेवलेले कापडाचे तुकडे पाहून हे टिपण केले आहे.

त्यांचा पहिला कल १० औंसाकडे होता आणि त्यामागचा विचार अगदी स्वाभाविक होता. साडीच्या निऱ्या जितक्या तलम कापडाच्या तितक्या त्या चापूनचोपून बसतात, मग आठ वार कापडाच्या चुण्या घालायच्या तर कापड हलकेच हवे, असे त्यांना वाटत होते. दुसरीकडे, पुण्याच्या नातेवाइकांनी लक्ष्मी रस्त्यावरून २६० जीएसएमचे चौकडीचे सूटिंग घेऊन पाठवण्याची तयारी दाखवली होती. पतीच्या एका सहकाऱ्याने तर १२ औंसाचे डेनिम वापरण्याचा सल्ला दिला होता, कारण त्याच्या हिशोबाने ते १० आणि १३ यांच्या बरोबर मध्ये बसत होते. हे तिन्ही विचार कोठे चुकतात ते पाहिले की या प्रकरणाचा बराचसा उलगडा होतो.

आकडे एका मापावर आणणे

टार्टनच्या व्यवहारात औंसाचा आकडा धावत्या वारावर सांगितला जातो. म्हणजे कापडाचा पन्हा कितीही असो, त्या पूर्ण पन्ह्याचा एक वार लांबीचा तुकडा तागडीत टाकला तर त्याचे जे वजन भरेल तो आकडा. किल्टचे कापड हल्ली बहुधा दुहेरी पन्ह्याचे, म्हणजे ५४ ते ६० इंच रुंदीचे असते. डेनिमचा औंस मात्र चौरस वारावर मोजला जातो. भारतात रूढ असलेले जीएसएम हे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन असते, तर युरोपातील काही गिरण्या धावत्या मीटरचे ग्रॅम छापतात. परिणामी एकच कापड एका यादीत १६, दुसरीत सुमारे ५०० आणि तिसरीत ३४० च्या आसपास अशा तीन वेगळ्या आकड्यांनी समोर येऊ शकते, आणि यातला एकही आकडा खोटा नसतो.

बाईंनी सगळे आकडे जीएसएमवर आणायचे ठरवले, कारण त्यांच्या हाताला ओळखीचे माप तेच होते. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम आणि एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. पन्हा ५८ इंच धरला तर धावत्या वाराला १६ औंसाचे कापड सुमारे ३३७ जीएसएम भरते, १३ औंसाचे सुमारे २७४ आणि १० औंसाचे सुमारे २१०. पन्हा ५४ इंचच असेल तर तेच १६ औंस ३६२ जीएसएमवर जातात. त्यामुळे पन्हा विचारल्याशिवाय औंसाच्या आकड्याची तुलना करण्यात अर्थ नाही. आता सहकाऱ्याचे १२ औंसाचे डेनिम पाहू. चौरस वाराला १२ औंस म्हणजे सुमारे ४०७ जीएसएम, म्हणजे ते १० आणि १३ यांच्या मध्ये तर नाहीच, उलट यादीतील सर्वांत जड टार्टनपेक्षाही जड आहे. आठ वारी किल्टला दुहेरी पन्ह्याचे ४ वारच लागतात, कारण ते लांबीत फाडून दोन पट्टे करतात. ५८ इंच पन्ह्याच्या ४ वार डेनिमचे वजन सव्वादोन किलोच्या जवळ जाते. तितक्याच लांबीचे १६ औंसी टार्टन १.८ किलो भरते.

पुण्याचे २६० जीएसएमचे सूटिंग याच हिशोबाने धावत्या वाराला साडेबारा औंसाच्या आत-बाहेर येत होते, म्हणजे वजनाने ते १३ औंसी टार्टनच्या शेजारीच बसत होते. तरीही ते बाजूला ठेवावे लागले, आणि त्याचे कारण वजन नव्हते. किल्टला खाली दुमड नसते. कापडाचा विणलेला काठच किल्टची खालची कड होतो, त्यासाठी कापड लांबीत मधोमध फाडून दोन पट्टे करतात आणि काठ गुडघ्याकडे राहील अशा बेताने ते शरीराभोवती आडवे फिरवतात. म्हणजे आपण शर्ट-पँट बेतताना जो ताणा उभा धरतो, तो किल्टमध्ये कमरेभोवती आडवा जातो आणि बाणा उभा लोंबतो. सूटिंगच्या काठावर गिरणीचे नाव विणलेले होते, पलीकडच्या काठाला सुतांची झिरमिळी होती, आणि चौकडीचा उभा व आडवा फेरा सारखा नव्हता. अशा कापडाला खालून दुमड घालावी लागते आणि जेथे मुळातच कित्येक थर एकावर एक येतात तेथे दुमडीमुळे ते तिप्पट होतात. डेनिमचीही हीच अडचण आहे. डेनिमचे किल्ट लोक घालतात आणि कामाच्या, भटकंतीच्या वापराला ते चांगलेही असतात, पण त्यांची बेतणी वेगळी असते, हे येथे नमूद केलेले बरे.

हलके कापड घेतल्यावर चुण्यांचे काय होते

हा या प्रकरणाचा गाभा आहे. वजन म्हणजे ऊब आणि ओझे इतकाच अर्थ घेतला तर उरलेला अर्धा परिणाम लक्षातच येत नाही.

टार्टनची नक्षी सुतांच्या संख्येने ठरलेली असते: इतकी सुते निळी, इतकी हिरवी, इतकी काळी, आणि मग बहुधा तोच क्रम उलट. हा एक पूर्ण फेरा झाला. सुतांची संख्या तीच ठेवून बारीक सूत वापरले तर फेरा आपोआप लहान होतो. बाईंनी मागवलेल्या तुकड्यांत एकाच नक्षीचा फेरा १६ औंसात साडेसहा इंच होता, १३ औंसात पावणेसहाच्या आसपास आणि १० औंसात ५ इंच. चुणी घालताना प्रत्येक चुणीवर तीच पट्टी पुढे आणायची असेल, ज्याला लष्करी पद्धत म्हणतात, तर प्रत्येक चुणी बरोबर एक फेरा कापड खाते. फेरा लहान झाला की चुणी उथळ होते. म्हणजे हलके कापड घेतल्यावर प्रत्येक चुणीतील कापडाचे वजन दोन कारणांनी घटते, एक कापड मुळात हलके म्हणून आणि दुसरे चुणीत ते कमी शिरते म्हणून.

पतीची मापे कंबर ३४ इंच, नितंब ४० इंच आणि किल्टची लांबी २४ इंच अशी होती. किल्टचा पुढचा भाग सपाट असतो. तेथे वरचा पल्ला आणि आतला पल्ला असे दोन थर एकमेकांवर येतात, आणि चुण्या फक्त मागच्या अर्ध्या घेरात असतात. साधारण निम्मे-निम्मे धरले तर मागे नितंबावर २० आणि कमरेवर १७ इंच चुण्यांसाठी मिळतात. दोन पल्ले, त्यांच्या कडा आणि पल्ल्याच्या शेवटची खोल चुणी यांत मिळून सुमारे ६५ इंच कापड जाते. पारंपरिक ८ वार म्हणजे २८८ इंच. त्यातून ६५ वजा जाता २२३ इंच उरतात. साडेसहा इंचाच्या फेऱ्याने त्यात ३४ चुण्या बसतात आणि प्रत्येक चुणीची दिसणारी पट्टी नितंबावर ०.५९ इंच, कमरेवर बरोबर अर्धा इंच येते. हेच गणित १० औंसाच्या ५ इंची फेऱ्याने केले तर ४४ चुण्या होतात आणि कमरेवर दिसणारी पट्टी ०.३९ इंचावर येते. घरी पहिल्यांदाच किल्ट शिवणाऱ्या व्यक्तीने, वरून खाली रुंद होत जाणाऱ्या अशा ४४ पट्ट्या हाताने एकसारख्या शिवाव्यात अशी अपेक्षा धरणे मला तरी रास्त वाटत नाही. कापड हलके आहे म्हणून काम हलके होईल ही समजूत येथेच गळून पडते.

चुण्यांचा वरचा, शिवून बंद केलेला भाग कमरेपासून नितंबाच्या सर्वांत रुंद जागेपर्यंत, म्हणजे एकूण लांबीच्या साधारण एक-तृतीयांश असतो. त्याखाली चुण्या मोकळ्या असतात आणि केवळ इस्त्रीच्या घडीवर व स्वतःच्या वजनावर जागेवर राहतात. चालताना चुण्या मागे हेलकावतात आणि पाऊल टेकले की बंद होतात. हे बंद होणे वजनावर अवलंबून असते. जड चुणी वाऱ्याने उघडत नाही आणि उघडलीच तर लगेच परत येते. हलकी चुणी उघडल्यावर उघडीच राहते आणि बसून उठल्यावर चुरगळलेली दिसते. पाइप बँडांचे आणि पलटणींचे किल्ट पूर्वापार १८ ते २२ औंसांचे असतात ते यामुळेच. उलट हायलंड नृत्य करणारी मुले-मुली हलके कापड पसंत करतात, कारण तेथे चुण्या उडालेल्याच हव्या असतात. लग्नाच्या पाहुण्याची गरज या दोघांच्या मधली होती, पण चर्चच्या पटांगणात, उघड्यावर छायाचित्रे काढली जाणार असल्यामुळे ती पहिल्या टोकाकडे झुकलेली होती.

तुकड्यांची परीक्षा

बाईंनी तिन्ही वजनांचे अर्धा-अर्धा वार कापड आणले. स्कॉटलंडच्या दक्षिणेला सेलकर्कसारख्या गावांत टार्टन विणणाऱ्या गिरण्या आजही चालू आहेत, त्यामुळे राहिलेले लहान तुकडे तेथे मिळणे फारसे अवघड नसते. अर्धा वार म्हणजे लांबीत १८ इंच. त्यात साडेसहा इंची फेऱ्याच्या दोन पूर्ण चुण्या आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा बसते. नुसता चार इंची नमुना पाहून वजन ठरवण्यापेक्षा हा खर्च कितीतरी सत्कारणी लागतो, कारण हातात धरलेला तुकडा स्पर्श सांगतो, पण लोंबणे सांगत नाही.

प्रत्येक तुकड्यावर दोन चुण्या घालून वरचे आठ इंच कच्च्या शिलाईने बंद केले, खालचा भाग ओल्या सुती फडक्यावरून कडक इस्त्री दाबून बसवला आणि पूर्ण गार होईपर्यंत हलवला नाही. शेवटची पायरी बहुतेक जण टाळतात. लोकरीच्या तंतूतील प्रथिनांचे बंध ओलाव्याने व उष्णतेने सैल होतात आणि गार होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, म्हणून घडी पक्की होते ती गार होताना. त्यानंतर तुकडे चिमट्यांनी उघड्या खिडकीत टांगले, मग खुर्चीवर ठेवून त्यावर बसले, आणि पुन्हा टांगून किती वेळात सुरकुत्या जातात ते पाहिले.

१० औंसाचा तुकडा वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर उघडत होता आणि बसल्यावर पडलेल्या सुरकुत्या दुसऱ्या दिवशीही दिसत होत्या. १३ औंसाचा बरा होता. १६ औंसाचा जवळजवळ हलत नव्हता, हलला तरी चुण्या एकत्र हलत होत्या आणि सुरकुत्या संध्याकाळपर्यंत निघून गेल्या होत्या. एक चौथा तुकडाही होता, पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या मिश्रणाचा. त्याच्या घड्या सर्वांत धारदार बसल्या, तो घरच्या यंत्रात धुता येतो, स्वस्त असतो आणि रोजच्या वापराला सोयीचा आहे. पण त्याची चुणी लोंबण्याऐवजी किंचित ताठ उभी राहत होती आणि इस्त्री जरा जास्त तापली की चकाकी येत होती. लग्नासाठी तो त्यांनी नाकारला. घरगुती पहिला किल्ट सरावासाठीच शिवायचा असता तर मी कदाचित तोच सुचवला असता.

वार कमी करावेत की औंस

इथपर्यंत आल्यावर निवड १३ आणि १६ यांच्यात उरली होती आणि पुण्याची दुपार १३ च्या बाजूने बोलत होती. ४ वार दुहेरी पन्ह्याचे १३ औंसी कापड ५२ औंस, म्हणजे सुमारे १.४७ किलो भरते. १६ औंसाचे ६४ औंस, म्हणजे १.८१ किलो. फरक ३४० ग्रॅमचा. अनेक जण या ठिकाणी १३ औंस घेऊन मोकळे होतात आणि त्यात गैर काहीच नाही. सर्वसाधारण सल्लाही तोच दिला जातो.

परंतु ऊब येते ती कोठून, हे पाहिल्यावर हिशोब बदलतो. पुढे दोनच थर आहेत. मागे प्रत्येक ठिकाणी किती थर येतात हे काढायचे तर चुणीने खाल्लेल्या कापडाला दिसणाऱ्या पट्टीने भागावे. साडेसहाला ०.५९ ने भागले की ११ येतात. अकरा थर लोकर पाठीमागे बांधून फिरल्यावर तो प्रत्येक थर १३ औंसाचा आहे की १६ औंसाचा याने जाणवणारा फरक थोडाच असतो. खरा भार थरांच्या संख्येचा आहे, आणि थरांची संख्या वारांवर ठरते. आठ वार हे प्रमाण काही अनादी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिवून तयार केलेले सुरुवातीचे किल्ट साधारण ४ वारांचे आणि रुंद पेटी-चुण्यांचे (बॉक्स प्लीटचे) असत. कापडाची लांबी आणि चुण्यांची संख्या वाढत गेली ती एकोणिसाव्या शतकात.

म्हणून औंस कमी करण्याऐवजी वार कमी करून पाहिले. एकेरी पन्ह्याचे ५ वार, म्हणजे दुहेरी पन्ह्याचे अडीच वार, १६ औंसाचे घेतले तर वजन ४० औंस होते. १० औंसी कापडाच्या पूर्ण आठ वारी किल्टचे वजनही नेमके ४० औंस, म्हणजे सुमारे १.१३ किलो असते. अंगावर ओझे तेवढेच, पण एका किल्टच्या चुण्या वाऱ्याने उडतात आणि दुसऱ्याच्या जागच्या जागी पडतात. पाच वार म्हणजे १८० इंच, त्यातून पल्ल्यांचे ६५ इंच वजा जाता ११५ इंच उरतात. साडेसहाच्या फेऱ्याने १७ चुण्या, ११०.५ इंच. साडेचार इंच शिल्लक. दिसणारी पट्टी नितंबावर सुमारे १.१८ इंच आणि कमरेवर बरोबर १ इंच. थर साडेपाच. चुणीची खोली, म्हणजे फेऱ्यातून दिसणारी पट्टी वजा करून उरलेल्याचा निम्मा, सुमारे २.६६ इंच. ही खोली आठ वारी किल्टमधील चुणीपेक्षा फार कमी नाही, म्हणून हेलकावा टिकतो. १० औंसाचे ५ वार घेतले असते तर खोली २ इंचांच्या जेमतेम वर राहिली असती.

या निर्णयाची किंमत काय, हेही सांगितले पाहिजे. १७ चुण्यांचा किल्ट मागून आठ वारी किल्टइतका भरदार दिसत नाही, आणि जाणकाराच्या नजरेला तो फरक ताबडतोब कळतो. एक इंचाहून रुंद पट्टी हे अनौपचारिक किल्टचे लक्षण मानणारेही आहेत. पाइप बँडमध्ये किंवा स्पर्धेत उतरायचे असते तर हा मार्ग मी सुचवला नसता. तसेच हा हिशोब मापांवर अवलंबून आहे. नितंबाचा घेर ४८ इंच असता तर पाच वारांत चुण्या फारच विरळ झाल्या असत्या आणि साडेसहा-सात वार घेणे भाग पडले असते. त्या घेराच्या व्यक्तीला वजन कमी करायचे असेल तर १३ औंसच योग्य. पण या प्रकरणात पाहुणा सडपातळ होता, शिवणारा हात घरचा होता आणि वापर दोन हवामानांत होणार होता. अशा वेळी जड कापड कमी लांबीत घेणे हे हलके कापड पूर्ण लांबीत घेण्यापेक्षा सरस ठरते, असे माझे मत आहे.

शिवताना कळलेल्या गोष्टी

कापड मधोमध फाडल्यावर दोन पट्टे मिळतात आणि दोघांना एकेक काठ असतो, परंतु एकाचा काठ डावीकडे तर दुसऱ्याचा उजवीकडे. दुसरा पट्टा अर्धा फिरवल्यावर दोन्ही काठ खाली येतात. नक्षी दोन्ही दिशांनी सारखी वाचता येत असेल तर जोड कोणाला कळत नाही, कारण तो एका चुणीच्या आत लपवता येतो. ब्यूकॅननसारखी टार्टने मात्र दोन्ही बाजूंनी सारखी नसतात आणि अशी नक्षी पहिल्या किल्टसाठी टाळावी. दोन्ही काठांपासून पहिली पट्टी सारख्याच अंतरावर आहे की नाही, हेही फाडण्यापूर्वी मोजावे लागते. बाईंनी निळ्या-हिरव्या रंगाचे, कोणत्याही घराण्याशी न जोडलेले टार्टन घेतले होते आणि त्यात ही दोन्ही पथ्ये पाळली गेली होती. टार्टन घालण्यासाठी कायद्याने कोणाची परवानगी लागत नाही. २००८ च्या कायद्याने उभी राहिलेली स्कॉटलंडची टार्टन नोंदवही नक्षींची नोंद ठेवते, त्या कोणी घालाव्यात हे ठरवत नाही.

जड कापड घरच्या शिलाई यंत्रावर चालणार नाही, ही भीती या कामात निराधार ठरते, कारण किल्टच्या चुण्या परंपरेने हातानेच शिवतात. १६ औंसी कापडात सुई लपवणे उलट सोपे जाते. टाका सुताच्या आत बुडतो आणि वरून दिसत नाही, १० औंसात तोच टाका खड्ड्यासारखा उठून दिसतो. चुण्यांच्या मागे जाड कॅनव्हासची पट्टी आणि त्यावर सुती अस्तर लावले. आठ वारी किल्टमध्ये शिवलेल्या भागामागचे जादा कापड कापून काढतात, नाहीतर कंबरेमागे उशी बांधल्यासारखे होते. येथे थर साडेपाचच असल्यामुळे ते कापावे लागले नाही, आणि पुढे कधी चुण्या उसवून नव्याने घालायच्या झाल्या तर कापड शाबूत राहिले. पन्ह्याच्या अर्ध्या २९ इंचांतून २४ इंची किल्ट व वरची शिलाई जाऊन जी पट्टी उरली, तिच्यातून कंबरपट्टा आणि पट्ट्याच्या दोन अडकवण्या निघाल्या.

एका बाबतीत मात्र कापडाने हट्ट केला. वरच्या पल्ल्याची कड खालच्या टोकाला किंचित बाहेर वळत होती. जड कापडात हे नेहमी घडते. पल्ल्याची कड शिवताना आतला थर केसभर आखूड ठेवावा लागतो, म्हणजे कड आपोआप आत वळते. ती शिलाई उसवून पुन्हा घातल्यावर पल्ला सरळ पडला. १३ औंसात हा दोष इतका जाणवला नसता.

इनव्हरनेसला दिवसभर वारा होता. चर्चबाहेर उभे राहिलेल्या पाहुण्यांमध्ये भाड्याचे हलके किल्ट कोणते आणि स्वतःचे कोणते, हे मागून पाहताच कळत होते. संध्याकाळच्या केलीत, म्हणजे स्कॉटिश सामूहिक नाचाच्या मेळाव्यात, ‘स्ट्रिप द विलो’सारखे गिरक्यांचे नाच झाले. तेव्हा पाच वारी किल्टचा खरा लाभ दिसला: मागे उकडले नाही आणि चुण्या गिरकी संपताच बंद झाल्या. लांबलेल्या जेवणानंतरही मागच्या बाजूला सुरकुत्या नव्हत्या.

पुण्यात त्यांनी तो संध्याकाळच्या स्वागत समारंभाला घातला. डिसेंबरमध्ये रात्री गारवा पडतो, तेथे काहीच अडले नाही. दुपारच्या मुहूर्ताला मात्र पतीने धोतर नेसणे पसंत केले, आणि ते योग्यच होते. तिशीच्या घरातल्या तापमानात कोणत्याही औंसाची लोकर सुखाची नसते, १० औंसाचीही नाही. परतीच्या आधी महिनाभर किल्ट तेथेच राहणार होता, म्हणून बाईंनी मोकळ्या चुण्या खालच्या टोकाला कच्च्या शिलाईने एकमेकींना बांधल्या, किल्ट घडी न करता आडवा गुंडाळून सुती पिशवीत ठेवला आणि कसर लागू नये म्हणून पिशवीत कडुनिंबाचा वाळलेला पाला व डांबराच्या गोळ्या दोन्ही टाकले. लोकर दमट हवेत ओलावा धरते आणि इस्त्रीची घडी हळूहळू सैल होते. पावसाळ्यात ठेवायचा असता तर चुण्या पुन्हा दाबून घ्याव्या लागल्या असत्या.

शिल्लक राहिलेले साडेचार इंच आतल्या पल्ल्याच्या कडेला दुमडून ठेवले आहेत. पतीची कंबर वाढली तर आधी पट्ट्यांचे बक्कल सरकवता येतील, आणि तेवढ्यावर भागले नाही तर ही दुमड उसवता येईल.